'पुंडलिक' आणि "नुसतं नाटकाचं चित्रण"

मे महिना आला की आपल्याकडे एक वाद हमखास डोकं वर काढतो. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' त्याच थिएटरात जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी लागला होता. मग पहिला भारतीय चित्रपट कोणता? २०१३ साली शताब्दीचे सोहळे चालू असताना हा प्रश्न न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. इतकी वर्षं वाद चालू आहे, पण तो पुढे सरकत नाही. एक बाजू तारखा पुढे करते. दुसरी बाजू एका वाक्यात विषय संपवते : "ते तर नुसतं नाटकाचं चित्रण होतं."

या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. 'पुंडलिक'ला 'पहिला' म्हणावं असा माझा आग्रह नाही. का नाही, ते पुढे येईलच. पण नाटकावरून केलेला, मूक आणि आज हाती नसलेला चित्रपट हा मुळी चित्रपटच नव्हे, हे म्हणणं तंत्राच्या अंगानं चूक आहे आणि आपल्या चित्रपटाच्या जन्माची हकीकत अर्धीच सांगणारं आहे. मराठी चित्रपट रंगभूमीच्या विंगेतून पुढे आला. ती विंग पुसून टाकली की फाळके आकाशातून पडल्यासारखे दिसू लागतात. त्यानं फाळक्यांचाही मान वाढत नाही.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. फाळके १९१२ मध्ये विलायतेला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं अंधारात बसून पाडावी लागत आणि ते काम सरस्वतीबाईंनी केलं. चित्रीकरण, फिल्म धुणं, प्रती छापणं, जोडकाम, नटांना शिकवणं, सगळं फाळक्यांनी घरच्या घरी उभं केलं. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. त्यानंतर ते थांबले नाहीत. चित्रपटामागून चित्रपट काढत राहिले, माणसं तयार केली आणि एक धंदा जन्माला घातला. 'पुंडलिक'चं तसं नव्हतं. कॅमेरा बोर्न अँड शेफर्ड या छायाचित्रण कंपनीचा, तो चालवणारा जॉन्सन नावाचा गोरा माणूस, आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. चित्रपट बावीस मिनिटांच्या आसपासचा, तोही एका परदेशी चित्रपटाच्या जोडीला दाखवलेला. 'भारतीय चित्रपट-व्यवसायाचा जनक कोण' असा प्रश्न असेल तर उत्तर फाळके, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

तोरण्यांची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. नाटकाचं चित्रण हा चित्रपट मानला, तर रांग 'पुंडलिक'पाशी थांबत नाही. कलकत्त्याला हिरालाल सेन यांनी क्लासिक थिएटरमधल्या नाटकांतले प्रवेश विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला चित्रित केले होते. त्यांचा सगळा साठा १९१७ मध्ये आगीत गेला. मग त्यांचं काय करायचं? आपला उमेदवार बसेल एवढाच दरवाजा उघडायचा आणि त्याच्या मागे लगेच कडी लावायची, हे न्यायाचं होणार नाही. म्हणूनच 'पहिला' या शब्दावरची झोंबाझोंबी मला निष्फळ वाटते. निकष बदलला की पहिला बदलतो, आणि निकष कोणता हे दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं ठरवतात.

पण 'नाटकाचं चित्रण' हा शिक्का वेगळा आहे. तो मारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं : रंगमंचावर नाटक चालू आहे, समोर तिवईवर कॅमेरा ठेवला आहे, कोणीतरी कळ दाबली आणि नाटक आपोआप फिल्मवर उतरलं. १९१२ मध्ये असं होणं शक्य होतं का?

त्या काळचा कॅमेरा हातानं फिरवायचा असे. हँडलचा एक फेरा म्हणजे आठ फ्रेम. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा फ्रेम बसतात. म्हणजे सेकंदाला एक फूट. त्या वेळच्या कॅमेऱ्यांत साधारण २०० ते ४०० फूट फिल्म मावायची. २०० फूट तीन मिनिटं वीस सेकंदांत संपतात, ४०० फूट सहा मिनिटं चाळीस सेकंदांत. संपली की थांबायचं, डबा बदलायचा, नवी फिल्म दात्यांवर नीट बसवायची, फोकस पुन्हा तपासायचा आणि मग पुढे. तोवर नट काय करणार? जिथे थांबला तिथे, त्याच हातवाऱ्यात, त्याच नजरेत त्याला पुन्हा उभं राहावं लागणार. बावीस मिनिटांच्या चित्रपटाला या वेगानं १,३२० फूट लागतात, म्हणजे ४०० फुटी चार डबे आणि कमीत कमी तीन सांधे. २०० फुटी असतील तर सात डबे आणि सहा सांधे. 'सलग चित्रण' ही गोष्टच तेव्हा अस्तित्वात नव्हती. कुठे थांबायचं आणि कुठे जोडायचं हे कोणीतरी ठरवल्याशिवाय एकही नाटक फिल्मवर येऊ शकत नव्हतं.

दुसरी बाजू वेळेची. तेव्हाची नाटकं पाच-पाच, सहा-सहा तास चालत. पाच तासांचं नाटक जसंच्या तसं घ्यायचं तर १८,००० फूट फिल्म लागेल. 'पुंडलिक' त्याच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाइतका. बाकीचं सगळं कोणीतरी गाळलं आणि उरलेल्यातून गोष्ट तुटणार नाही अशी वीण घातली. तोरणे आणि त्यांचे सहकारी कीर्तिकर यांनी नाटकावरून चित्रीकरणासाठी वेगळी संहिता तयार केली होती. आधी एका जागी कॅमेरा ठेवून केलेलं काम मनासारखं उतरलं नाही, म्हणून तोरण्यांनी कॅमेऱ्याची जागा बदलून तुकड्यातुकड्यांनी चित्रीकरण केलं आणि मग ते तुकडे जोडले, असंही त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. निवडणं, तोडणं, जोडणं. चित्रपट करणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

प्रकाशाचंही तेच. थिएटरातल्या दिव्यांवर तेव्हाची मंद फिल्म उजळतच नसे. भर उन्हाची गरज असे. म्हणजे नाटक त्याच्या नेहमीच्या जागेवरून हलवायलाच हवं. उन्हात आणलं की रंगवलेल्या पडद्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते, वारा आला की मागचं देऊळ हलतं. त्यातून फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसे. नाटकात दिव्यांच्या पिवळट उजेडासाठी गालांवर लाली चढवतात. तीच लाली या फिल्मवर काळपट डाग होऊन येते आणि धडधाकट नटाचे गाल खपाटीला गेल्यासारखे दिसतात. पडद्यावरचं निळं आकाश पांढरं फटक पडतं. पिवळा पीतांबर मळकट करडा होतो. विठ्ठल होणाऱ्या नटाच्या अंगाला रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे निळा रंग फासला, तर पडद्यावर चक्क गोरा देव उभा राहील. त्याला सावळा दाखवायचा तर अंगाला तांबूस-तपकिरी रंग द्यायला हवा, जो प्रत्यक्ष पाहणाऱ्याला विचित्र वाटेल. त्या काळी कॅमेऱ्यापुढे नाटक उभं करणाऱ्या प्रत्येकाला हे शिकावं लागलं. रंगपटातलं अर्धं शहाणपण इथे उलटं लागू होतं.

आणि आवाज? संतचरित्रावरचं नाटक म्हटलं की पदं आली, अभंग आले. नट समेवर आला की प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' यायचा. मूकपटात त्या पदाचं उरतं काय, तर उघडझाप करणारं तोंड. पाच मिनिटांच्या पदात डोळ्यांना दिसण्यासारखं काही घडत नसेल, तर ते ठेवणं म्हणजे ३०० फूट फिल्म पाण्यात घालणं. उलट पुंडलिकाची कथा डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. बायकोच्या नादी लागून आई-बापांना हिडीसफिडीस करणारा मुलगा, काशीची वाट, कुक्कुट ऋषींचा आश्रम, पहाटे तिथे झाडलोट करायला येणाऱ्या आणि उजळून बाहेर पडणाऱ्या नदीदेवता, मग आई-बापांचे पाय चेपत बसलेला पुंडलिक आणि मागे न वळता त्यानं दारातल्या देवाकडे भिरकावलेली वीट. पंढरीच्या वारीशी नातं असलेल्या गिरगावकराला यातल्या एकाही क्षणासाठी शब्दांची गरज नव्हती. म्हणजे विषय निवडतानाच मूक माध्यमाचा विचार झालेला दिसतो. फाळक्यांनी हरिश्चंद्र निवडला तोही याच हिशेबानं. ती कथाही रंगभूमीवर घासूनपुसून लखलखीत झालेली होती, आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके, रंगभूमीच्याच रिवाजाप्रमाणे, कारण बाई मिळत नव्हती. रंगभूमीचा वास येतो म्हणून 'पुंडलिक' बाद करायचा, तर 'राजा हरिश्चंद्र'च्या नाकाशी आपण रुमाल धरायचा का?

जगात इतरांनी या प्रश्नाचं काय केलं तेही बघू. जपानमध्ये १८९९ साली 'मोमिजिगारी' या काबुकी (जपानच्या पारंपरिक रंगभूमीवरच्या) नाटकातला प्रवेश चित्रित झाला. तो थिएटरामागे उघड्यावर घेतला. त्या दिवशी इतका वारा होता की नाचताना नववा दांजूरो या नामवंत काबुकी नटाच्या हातातला पंखा उडून गेला आणि तो क्षण तसाच फिल्मवर राहिला. शुद्ध अर्थानं नाटकाचं चित्रण म्हणावं असं ते काम आहे. जपाननं २००९ मध्ये त्याला महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. असा मान मिळालेला तो त्यांचा पहिला चित्रपट. 'पुंडलिक'च्याच वर्षी, १९१२ मध्ये, सारा बर्नहार्ट या त्यांच्या नामवंत नटीला घेऊन फ्रेंचांनी एलिझाबेथ राणीवरचं नाटक पडद्यावर आणलं. कॅमेरा समोर, नट ओळीत उभे, शेवटी नाटकासारखं अभिवादनसुद्धा. अडॉल्फ झुकर यांनी तो अमेरिकेत नेला आणि त्या जोरावर उभ्या राहिलेल्या कंपनीतून पुढे पॅरामाउंट झाली. तो चित्रपट नव्हता असं कुठल्याही चित्रपट-इतिहासात लिहिलेलं नाही.

इतकं दूरही जायला नको. 'आलम आरा' घ्या. १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक, गिरगाव. पहिला भारतीय बोलपट. तो कशावरून केला? जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून. आवाजाच्या यंत्रासाठी मदतीला कोण होतं? विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ. आज त्याची प्रत आहे का? एक फूटही नाही. 'पुंडलिक'वरचे तिन्ही आक्षेप, नाटकावरून केलेला, गोऱ्या माणसाचा हात लागलेला आणि हरवलेला, 'आलम आरा'लाही जसेच्या तसे लागू होतात. तरी त्याचं पहिलेपण कोणी हिरावून घेत नाही, आणि घेऊही नये. मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का? परदेशी तंत्रज्ञ आणि परदेशी प्रयोगशाळा हाच निकष असेल, तर फ्रान्झ ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केलेला आणि योसेफ विर्शिंग यांनी चित्रित केलेला 'अछूत कन्या' (१९३६) आपण जर्मनांना देऊन टाकायला हवा.

नाटक पडद्यावर येताना काय गमावतं आणि काय कमावतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला 'पुंडलिक'पेक्षाही 'सैरंध्री'त दिसतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. गद्य नाटक, महाराष्ट्र नाटक मंडळीनं केलेलं. त्याची सगळी धार भाषणांत होती. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे अपमानित देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षक न सांगता ओळखायचे. सरकारनंही ओळखलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. दहा वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पहिल्या चित्रपटासाठी तेच कथानक उचललं. आता शब्द नव्हते. ज्या शब्दांवर बंदी आली होती ते माध्यमानं आधीच काढून घेतले होते. राहिलं काय? देह, कपडे, उजेड, आणि कीचकाला ठार करणारा भीम.

पेंटर हे मुळात नाटक मंडळींचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून रंगवायचे. पडदा किती खोटा असतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणूनच त्यांनी सपाट पडद्यांवर न भागवता खांब, कमानी, खोली असलेली बांधीव दृश्यं उभी केली. बायकांची कामं बायकांनी केली. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका अंगावर येणारा होता की तो पुढे कापावा लागला. लोकमान्यांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, ते त्यांच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष होतं. नाटकातल्या भाषणांनी जे केलं ते पडद्यावर एका मारामारीनं केलं, आणि सत्तेला पुन्हा कात्री चालवावीशी वाटली. रंगभूमीकडून आलेला माणूसच रंगभूमीच्या सवयी मोडू शकला, कारण त्या त्याला आतून माहीत होत्या. 'नुसतं नाटक' म्हणून हात झटकणाऱ्यांना हा दुवा कधीच दिसत नाही. आणि हा चित्रपटही आज आपल्याकडे नाही.

म्हणजे खरा घाव हरवण्याचा आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट झाले. हाती आहेत ते तीसच्या आसपास, त्यातलेही पुष्कळ तुकड्यांत. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर जाणकारांत मतभेद आहेत. 'पुंडलिक' कोणी पाहिलेला नाही, सबब त्याचा विचार नको, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. हाच न्याय १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ला लावला तर तोही अडचणीत येईल.

ही रिळं गेली कशी, यात गूढ काही नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती गंधकाच्या काडीसारखी पेटते आणि एकदा पेटली की पाणी टाकूनही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्याच पोटात असतो. पेटली नाही तरी कुजते : आधी चित्र पिवळट होऊन विटतं, मग थर एकमेकांना चिकटतात, मग फेस येतो, शेवटी उग्र वासाची तपकिरी भुकटी उरते. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर होतं, आणि मुंबईची हवा तर दोन्ही. त्यातून वाचलेल्या प्रतींवरच्या थरात चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा ती काढण्यासाठी रिळं वजनावर विकली गेली. संग्रहालय निघालं १९६४ मध्ये, म्हणजे 'पुंडलिक'नंतर बावन्न वर्षांनी. आणि संग्रह केला म्हणजे संपलं असंही नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा गेला.

'पहिला कोण' यावर खर्च होणारी ताकद कुठे लावता येईल, हे यातूनच दिसतं. 'पुंडलिक' १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याआधीचा, त्यामुळे सेन्सॉरच्या कागदांत तो सापडणार नाही. पण १९१२ च्या मे महिन्यातली मुंबईची इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं आहेत. त्यांतल्या जाहिराती दिवसवार उतरवल्या तर कार्यक्रम कधी बदलला, जोडीला काय होतं, दर काय होता हे लागतं. मूळ नाटकाच्या नकला, मंडळींच्या हिशेबवह्या, नटांच्या वंशजांकडचे फोटो आहेत. १९२० नंतरच्या चित्रपटांसाठी सेन्सॉर मंडळांच्या नोंदी आहेत, त्यांत लांबी फुटांत दिलेली असते. त्या आकड्याला सोळा फ्रेमच्या हिशेबानं साठनं भागलं की मिनिटं हाती येतात, आणि कोणती काटछाट सांगितली ते वाचून हरवलेल्या प्रसंगाचा आकार दिसू लागतो. 'सैरंध्री'साठी हे काम कोणी मनावर घेतलं तर पुष्कळ हाती लागेल. फिल्मसुद्धा कधी कधी परत येते : मादन कंपनीच्या १९१९ च्या 'बिल्वमंगल'चा काही भाग पॅरिसच्या सिनेमाटेक या चित्रपट संग्रहालयात निघाला आणि त्याची डिजिटल प्रत २०१६ मध्ये पुण्यात आली.

फिरत्या तंबू-थिएटरांच्या जुन्या मालकांच्या माळ्यांवर, नाटक मंडळींच्या ट्रंकांत अजूनही पत्र्याचे डबे असतील. असा डबा सापडला तर तो घाईनं उघडून रीळ उलगडू नये. चिकटलेला थर ओढला की चित्र सुटून येतं. दिव्यासमोर, उन्हात किंवा प्रोजेक्टरवर तर मुळीच नेऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, वायू बाहेर पडायला वाट हवी. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, हवेशीर जागी, देव्हारा आणि स्वयंपाकघर यांपासून लांब, एकटा ठेवावा. डब्यावरची चिठ्ठी, पेन्सिलीचे आकडे, काहीही पुसू नये. बाहेरच्या बाजूनं फोटो काढावेत आणि संग्रहालयाला कळवावं. पोस्टानं किंवा बसनं पाठवू नये, ते नेण्याची पद्धत आणि परवानगी वेगळी असते.